जयंती दारात झाली त्या वर्षी

परीक्षा संपत आल्या की दादरला आमच्या शाळेच्या गल्लीत सोनमोहोर फुलतो. ही फुलं झाडावर दिसतात त्याहून जास्त खाली दिसतात. सकाळी शिपाईमामा फाटक उघडतात तेव्हा रस्ता हळदीने सारवल्यासारखा असतो, आणि पहिला पेपर सुटेपर्यंत त्या हळदीचा भुगा झालेला असतो. टॅक्सीच्या टायरांना, पोरांच्या बुटांना, माझ्या चपलांना तो चिकटतो. इतकी वर्षं मी तो परळपर्यंत घरी नेते आणि उंबऱ्याशी झटकते.

परवा उत्तरपत्रिकांचा गठ्ठा घेऊन बाहेर पडले आणि तिथेच थांबले. एक वर्ष असं गेलं होतं की या फुलांवर कुणी पाय दिला नव्हता. टाळेबंदीचा उन्हाळा. आईची रक्तदाबाची गोळी परळला मिळेना, म्हणून मी नाक्यानाक्यावर पोलिसांना समजावत दादरपर्यंत चालत आले होते. गल्लीत वळले तर सगळा रस्ता पिवळा, एकही ठसा नसलेला. मी कडेकडेने चालले. कुणाची तरी रांगोळी मोडेल असं वाटत होतं.

तो उन्हाळा मला आधी ऐकू येतो, मग दिसतो. आम्ही जन्मभर आवाजात राहिलेली माणसं. चाळीतले नळ, भांडणं, शिट्ट्या, खालून जाणाऱ्या बसगाड्या, हे सगळं इतकं अंगवळणी पडलेलं की ते थांबल्यावर कान दुखायला लागले. मग हळूहळू दुसरंच काही ऐकू येऊ लागलं. दुपारी बंदरातल्या बोटीचा भोंगा यायचा, लांबून, झोपेत कुणी हाक मारावी तसा. कोकिळा इतक्या होत्या की त्यांचाच बाजार भरलाय असं वाटे. शिवडीच्या खाडीतले रोहित पक्षी आमच्या गच्चीवरून जायचे. पंख हलताना गुलाबी रेघ दिसे आणि पुसली जाई. चाळीतली माणसं आपापल्या दारात उभी राहून माना वर करून ते बघत. 

आणि संध्याकाळी ताईचा आवाज.

ताई म्हणजे माझी मोठी बहीण, उज्ज्वला. त्या वर्षी ती दिल्लीत होती आणि देशाच्या आरोग्य खात्यातली सगळ्यांत वरची डॉक्टर होती. रोज संध्याकाळी ती टीव्हीवर येऊन आजार कुठवर पोचला, काय करायचं, काय टाळायचं, ते देशाला सांगायची. आमच्या चाळीत त्या वेळी प्रत्येक खोलीत टीव्ही लागलेला असे. सगळे टीव्ही एकाच क्षणी बोलत नाहीत, थोडे मागेपुढे बोलतात. त्यामुळे ताईचं वाक्य पहिल्या खोलीत सुरू व्हायचं, शेजारच्या खोलीत उमटायचं, आणि गॅलरीभर फिरून शेवटच्या खोलीत विझायचं. ती हिंदीत बोले, पण तिच्या हिंदीतला ‘च’ आमच्या चाळीतलाच होता.

आई ते बोलणं कधी ऐकत नसे. ती फक्त बघायची. ताई खंगली, ताईच्या डोळ्यांखाली काळं आलं, ताईचा घसा ओढतोय, हिला तिकडे कुणी गरम पाणी देत नाही. आकडे सुरू झाले की आई पडद्याजवळ सरके. मला वाटायचं तिला कमी ऐकू येतं. नंतर कळलं की ती ताईचे हात बघत असे. ताई घाबरली की अंगठा मुठीत धरते, लहानपणापासून.

ताई नक्की काय काम करते हे आईला शेवटपर्यंत उमगलं नाही. एकदा मी तिला दिल्लीला घेऊन गेले होते. मोठी खोली, लांबलचक टेबल, भिंतीवर देशाचा नकाशा. आईने इकडेतिकडे बघितलं आणि विचारलं, हिची छातीला लावायची नळी कुठाय. ताई हसली. म्हणाली, आता नळी नसते. चाळीत परतल्यावर शेजारणींनी विचारलं तेव्हा आईने सांगून टाकलं की आमची उज्ज्वला मोठी डॉक्टर आहे पण तिला पेशंट नाहीत. मी पुढे एकदा ताईलाच विचारलं. ती म्हणाली, “सांगणं, एवढंच काम. वेळेवर सांगायचं. आणि माहीत नसेल तर माहीत नाही असंही सांगायचं. दुसरं पहिल्याहून अवघड.”

तिने नळी का सोडली ते मात्र मला माहीत होतं. गिरण्या बंद पडल्या त्यानंतरचा तो काळ. अण्णा, म्हणजे आमचे वडील, दिवसभर घरी बसून असत. ताई परळच्याच हॉस्पिटलात शिकाऊ डॉक्टर होती आणि मी शाळेत. त्या पावसाळ्यानंतर आमच्या चाळीत कावीळ आली. आधी एकदोन घरांत, मग मागच्या बाजूच्या खोल्यांतून एकामागून एक माणसं पिवळी पडू लागली. ताई हॉस्पिटलातून आली की जेवायची नाही. खोलीखोलीत जाऊन विचारायची, पाणी कुठल्या नळाचं भरता, केव्हा भरता, त्याला वास येतो का. आणि घरी येऊन आमच्या लादीवर खडूने चाळ काढायची. प्रत्येक खोलीचा एक चौकोन. आजारी माणूस असेल तर चौकोनात फुली. आईला कित्येक दिवस केर काढता आला नाही. आम्ही त्या चौकोनांना वळसा घालून वावरायचो, जेवताना ताटंसुद्धा बाजूला मांडायचो.

फुल्या सगळ्या एकाच अंगाला जमा झाल्या. मागच्या बाजूचा पाण्याचा पाइप गटारातून जात होता आणि तो तिथेच कुजला होता. ताईने खेटे घालून तो बदलायला लावला, दारोदार जाऊन पाणी उकळून प्या म्हणून सांगितलं. लोक चिडले. घरात चूल पेटायची मारामार, आणि ही म्हणते पाणी उकळा, रॉकेल कुठून आणायचं. पण हळूहळू उकळू लागले. कावीळ ओसरली.

पण ओसरण्याआधी ती कावीळ गमरेकाकूंना घेऊन गेली. गमरेकाका आमच्याच मजल्यावर, जिन्याच्या पलीकडे. लग्नाला फार दिवस झाले नव्हते. काकू गरोदर होत्या, आणि गरोदर बाईला ही कावीळ फार वाईट. ताईने त्यांना हॉस्पिटलात नेलं, उशाशी बसून राहिली, आणि सकाळी एकटीच चालत घरी आली. आल्यावर तिने ओलं फडकं घेतलं आणि लादीवरची सगळी चाळ पुसून काढली. आई मदतीला वाकली तर तिने आईला हात लावू दिला नाही.

पुढचं शिक्षण निवडायची वेळ आली तेव्हा तिच्या सरांनी मेडिसिन घे म्हटलं, अण्णांना तिचा लालबागला दवाखाना हवा होता, बाहेर पाटी असलेला. तिने सार्वजनिक आरोग्य घेतलं. माणूस आजारी पडल्यावर नाही, पडायच्या आधी गाठायचा, असं काहीतरी ती अण्णांना सांगत होती. अण्णा म्हणाले, आजारी नसलेला माणूस डॉक्टरकडे येईल कशाला. ती म्हणाली, तो येणार नाही, म्हणून मलाच जायला हवं. मग ती जिल्ह्याजिल्ह्यांत गेली, मग पुण्याला, मग दिल्लीला, आणि आमच्याकडे वर्षातून एकदा, जयंतीला, येऊ लागली.

आमच्याकडे वर्ष जयंतीपासून सुरू होतं. निळे झेंडे, निळ्या पताका, पांढरी साडी, नवे कपडे, लेझीम, ढोल, दाराशी उभ्या केलेल्या पिंपातलं सरबत. दिवाळीला येऊ न शकलेला माणूस जयंतीला येतो. त्या उन्हाळ्यात टाळेबंदी लागली तेव्हा पताका आणून झाल्या होत्या. जयंती मंडळाचे अध्यक्ष गमरेकाका. काकूंच्या मागे त्यांनी लग्न केलं नाही, मंडळ हाच त्यांचा संसार. ढोलपथक मिलिंदकडे होतं. तळमजल्यावर राहायचा, डिलिव्हरीचं काम करायचा, आवाज मोठा, मन त्याहून मोठं. काम बंद, घरात म्हातारे आजारी वडील, खोली एवढीशी. जयंती हीच एक गोष्ट तो धरून बसला होता.

एके दुपारी गमरेकाका दारात येऊन उभे राहिले. तोंडाला रुमाल. आत या म्हटलं तर नको म्हणाले. घसा खाकरून त्यांनी आईला सांगितलं की पोरं ऐकत नाहीत, रस्त्यावर जायचं नाही तर नाही, पण चाळीच्या आवारात तरी मिरवणूक फिरवू द्या म्हणताहेत. उज्ज्वलाचा एक शब्द इथल्या पोलीस ठाण्याला गेला तर परवानगी मिळेल. वहिनींनी फक्त फोन करावा.

आई तांदूळ निवडत होती. तिने सूप खाली ठेवलं.

“मी नाही विचारणार, भाऊजी. मी विचारलं तर ती माझी मुलगी होऊन उत्तर देईल. मग तिकडे बाकीच्यांना कोण सांगणार?”

काका मान हलवून गेले. रागावले नव्हते, पण खांदे उतरले होते. आईने पुन्हा सूप घेतलं, आणि मी बघत होते, निवडलेले तांदूळच ती पुन्हा निवडत होती.

त्यानंतर दोनतीन दिवसांनी संध्याकाळी टीव्हीवर एका पत्रकाराने ताईला येणाऱ्या सणांबद्दल विचारलं. तिने सांगितलं, सण कुठलाही असो, जयंती असो, जमायचं नाही. पत्रकाराने हसत विचारलं की हे तुमच्या घरच्यांनाही लागू आहे का. ताईचा अंगठा मुठीत गेला. मग ती म्हणाली की मी मुंबईत एका चाळीत वाढले, तिथे खोल्या वेगळ्या असतात पण हवा सगळ्यांची एक असते, माझी आई आजही तिथे राहते, आणि मी आईलाही हेच सांगते. वाक्य गॅलरीभर फिरलं. शेवटच्या खोलीत विझलं. आणि मग चाळीत जी शांतता पसरली ती त्या उन्हाळ्याच्या शांततेहून वेगळी होती.

मिलिंद खाली आवारात येऊन वर बघून बोलला. दिल्लीला गेली, मोठी झाली, आता आपल्यालाच शिकवते. मोठमोठ्यांना हिने असं थांबवून दाखवावं. कुणी त्याला गप्प केलं नाही. दुसऱ्या दिवसापासून शेजारच्या बाईने आईशी बोलणं तोडलं. भाकरीबरोबर वाटीभर कालवण इकडून तिकडे जायचं, ते बंद झालं. आई कुणाला काही म्हणाली नाही. फक्त एकदा, भांडी घासताना, पाठमोरीच, मला म्हणाली की उज्ज्वलाने मला तर काही सांगितलं नव्हतं.

पोरांनी ठरवलं होतं की परवानगी मिळो न मिळो, ढोल वाजणार. सगळ्यांना माहीत होतं. जिन्यात कुजबुज, आवारात ढोलाच्या दोऱ्या ताणणं. पोलीस आले तर काय होईल या विचाराने आयांचे चेहरे उतरलेले, आणि तरीही कुठेतरी सगळ्यांना तो आवाज हवाच होता. मलाही हवा होता. इतके दिवस घरात बसून मन असं झालं होतं की एका ढोलासाठी माणूस काहीही पणाला लावेल.

जयंती तोंडावर आली होती. एका सकाळी गमरेकाका पुन्हा आमच्या दारात आले. या वेळी रुमाल हातात चुरगळलेला होता. उज्ज्वलाचा फोन आला होता, म्हणाले. दिल्लीचा अनोळखी नंबर म्हणून ते आधी उचलणारच नव्हते. काका सांगू लागले. तिने हुकूम केला नाही, परवानगीचं काही बोलली नाही, आधी त्यांचा गुडघा कसा आहे विचारलं. 

“मग म्हणाली, काका, त्या वर्षी मला सांगायला उशीर झाला. या वेळी लवकर सांगतेय.”

काका भिंतीकडे बघत राहिले. आमची ती लादी केव्हाच बदलली आहे, तिथे आता गुळगुळीत टाइल्स आहेत, पण ते उंबऱ्याच्या आत पाऊल टाकत नव्हते.

“मी तिला म्हटलं, पोरी, उशीर तू केला नव्हतास. पाइप कुजला होता.”

एवढं बोलून ते वळले आणि जिना उतरून खाली गेले. गॅलरीतून आम्ही बघत होतो. त्यांनी पोरांना बोलावलं आणि लांब लांब उभं केलं. हातात माइक नव्हता. चाळ इतकी शांत होती की माइकची गरजही नव्हती. पोरांना काकू म्हणजे काकांच्या खोलीतला एक फोटो एवढंच माहीत होतं. काकांनी पहिल्यांदाच काकूंबद्दल सांगितलं, नाव घेऊन. शालन. तिला डोहाळे कसले लागले होते तेसुद्धा सांगितलं. मग म्हणाले की आपण मिरवणूक काढतो ती जिवंत माणसांची. माणसं राहिली तर पुढच्या वर्षी काढू. मिलिंद मान खाली घालून उभा होता. शेवटी त्याने ढोल उचलला, पाठीवर घेतला आणि घरात नेऊन ठेवला.

जयंती दारात झाली. प्रत्येक दाराला झेंडा, उंबऱ्यात मेणबत्ती, पांढऱ्या साड्या नेसलेल्या बायका आपापल्या चौकटीत. वंदना सुरू झाली तेव्हा प्रत्येक मजला वेगळा चालला होता, कुणी पुढे, कुणी मागे. दुसऱ्या ओळीपर्यंत सगळे एकमेकांसाठी थांबू लागले. मग आवाज एक झाला आणि आवारातून वर चढला. मी खूप मिरवणुका पाहिल्या आहेत, ढोलांनी छाती हलवणाऱ्या. पण त्या दिवशी जे ऐकलं ते मला अजून अधूनमधून स्वप्नात ऐकू येतं, आणि स्वप्नात चाळीला जिने नसतात, नुसती दारं असतात, वरपर्यंत.

संध्याकाळी ताई टीव्हीवर आली. एरवी गडद सुती साड्या नेसणारी ताई त्या दिवशी पांढऱ्या साडीत होती, निळी किनार असलेल्या. ती आजाराचं बोलत होती, आकडे सांगत होती, दुसरं काही बोलली नाही. देशात कुणाच्या ते लक्षात आलं असेल असं मला वाटत नाही. आमच्या गॅलरीत आधी एका खोलीतून टाळी वाजली, मग दुसऱ्या. शेजारची बाई दारात आली. आईकडे बघून म्हणाली, किनार छान आहे हो. आई म्हणाली, मीच दिली होती.

हे सगळं इथेच संपलं असतं तर किती बरं झालं असतं. पण आजार चाळीत आलाच. पावसाळ्यात आला, माणसं कामाला बाहेर पडू लागल्यावर. काही जण हॉस्पिटलातून परतले, काही नाही. मिलिंदचे वडील नाही परतले. त्यानंतर एकदा मिलिंद मला जिन्यात भेटला. म्हणाला, टीचर, जयंती काढली असती तर अप्पा तेव्हाच गेले असते का? म्हणजे मधले हे दिवस मिळाले ते त्याच्यामुळे का?  मी ताईला फोनवर विचारलं. ती म्हणाली, “मलाही माहीत नाही. त्याला तसंच सांग.”

मी तसंच सांगितलं. तो कठड्याला रेलला. मग म्हणाला, त्या दिवसांत अप्पांनी मला पत्ते शिकवले.

या कामाचा विचार मी तेव्हापासून खूप करते. शिक्षकाला निदान निकाल दिसतो. डॉक्टरला उठून बसलेला माणूस दिसतो. ताईच्या हाती काय यायचं? न लागलेला ताप, न निघालेली तिरडी. जे घडलं नाही त्याला चेहरा कुठून असणार. ते कुणी येऊन पाया पडत नाही, पेढे देत नाही. पुष्कळदा तर ते घडलं नाही म्हणूनच लोक विचारतात की एवढा आरडाओरडा कशाला केला होता. अशा कामाला आयुष्य द्यायचं म्हणजे माणसाला अंधारात हात पुढे करून चालता यायला हवं. ताईला ते येत होतं की ती नुसतीच चालत राहिली, मला सांगता येणार नाही.

हिवाळ्यात ती घरी आली. आईने तिचे हात हातात घेतले, उलटसुलट करून बघितले. सतत धुऊन कातडी कागदासारखी झाली होती. आईने खोबरेल लावलं, एकेका बोटाला, आणि लावता लावता विचारलं की टीव्हीवर म्हणालीस आईला सांगते, मला कधी सांगितलंस? ताई म्हणाली, “तुला सांगावं लागेल असं वाटलंच नाही, आई.” आईने दुसरा हात घेतला आणि त्याला तेल लावू लागली.

आई आता नाही. ताई निवृत्त होऊन माझ्याकडे राहायला आली आहे. यंदाच्या जयंतीला आम्ही दोघी मिरवणूक बघायला पुलाजवळच्या नाक्यापर्यंत गेलो. दुपार कलली होती. गमरेकाका नाक्यावर खुर्ची टाकून बसले होते, आता त्यांना चालवत नाही, पण झेंड्याची काठी हातात होती. ताई त्यांच्या खुर्चीशी उभी राहिली. मिलिंदचं पथक आलं. त्याने लांबूनच ताईला मान लववली आणि ढोलावर हात टाकला. गर्दी दाटत गेली. माझ्या मनात आलं की हिला भीती वाटत असेल, इतक्या माणसांना लांब राहायला शिकवणारी ही बाई. मी तिच्या दंडाला धरून मागे घ्यायला गेले.

तेवढ्यात मागून एक तरुण बाई आली, कडेवर पोर, पोराच्या कपाळाला निळी पट्टी. तिने ताईच्या खांद्यावर हात ठेवला. जिचा चेहरा एके काळी घराघरात रोज दिसत होता, तिला त्या बाईने ओळखलं नाही. काकांनी सांगायला तोंड उघडलं, तर ताईने हळूच मान हलवून त्यांना थांबवलं.

“मावशी, जरा सरका ना,” ती बाई म्हणाली, “पोराला ढोल दिसत नाही.”

ताई सरकली. तिने पोराला पुढे घेतलं, आपल्या अंगावरून, दोन्ही हातांनी. मागून लोटणारी माणसं भरभरून आली, तिच्या बाजूने, तिच्या पुढून, तिला ढकलत. ताईने माझ्या हातातून आपला दंड सोडवून घेतला. थोडा वेळ तिचं पांढरं डोकं दिसत होतं. मग ते इतर डोक्यांत मिसळलं, आणि त्यातलं तिचं कुठलं ते मला ओळखता येईना.